कोणत्या सालचा ट्रक?

डाव्या दारावर रंगाचे पाच थर निघाले. वरचा केशरी, उन्हानं विटलेला. त्याखाली पिवळा, मग हिरवट निळा, मग खाकीकडे झुकणारा एक बेनाम रंग आणि सगळ्यांत खाली रेड ऑक्साइडचा तांबडा हात. पत्रीनं खरवडताना थरांच्या मधून जुनी अक्षरंही वर येत होती. केशरीखाली ‘नॅशनल परमिट’, त्याच्याही खाली ‘पब्लिक कॅरियर’. हा शब्द १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातला. १९८८ चा कायदा आला आणि पाट्यांवरून तो हळूहळू पुसला गेला. संध्याकाळी गॅरेजवाले वस्ताद आले, दाराकडे पाहत थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “मास्तर, कुठवर खरवडायचं?”

त्यांना एवढंच हवं होतं की लांबी भरायला कधी घ्यायची. माझ्या डोक्यात मात्र तो प्रश्न अडकून बसला. हा ट्रक मी कोणत्या सालापर्यंत मागे नेणार आहे?

२०२२ साली सप्तशृंगगडावर देवीच्या मूर्तीवरचं शेंदराचं कवच उतरवलं. पिढ्यान्‌पिढ्या चढत गेलेला लेप निघाला आणि खालचं रूप दिसलं. मूळ मूर्ती सापडली म्हणून आनंद झाला, आणि तो साहजिकच होता. पण ज्या आज्या-पणज्यांनी नवस बोलले, ओटी भरली, त्या कोणत्या रूपापुढे उभ्या होत्या? शेंदराच्याच. ते रूप खोटं म्हणायचं धाडस मला होत नाही. आपल्याकडे याबाबत दोन वेगळे शब्द आहेत आणि ते आपण सरमिसळ करून वापरतो: जतन आणि जीर्णोद्धार. जतन म्हणजे आहे ते आहे तसं राखणं. पुरातत्त्व खात्याचं काम. जीर्णोद्धार म्हणजे जिथं अजून दिवा लागतो ती वास्तू पुन्हा वापरायोग्य करणं. अहिल्याबाईंनी जागोजागी केलं ते. हेमाडपंती देवळाच्या काळ्या दगडावर चकचकीत ऑइल पेंट फासणं हे मात्र या दोन्हींत बसत नाही, आणि जुन्या गाड्यांच्या हौशी जगात नेमकं त्याचंच पीक जोरात आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. जुना ट्रक स्वतःच्या हातानं उभा करू पाहणाऱ्यानं ‘मूळ रूप’ हा शब्द आधी डोक्यातून काढावा. आपल्याकडच्या ट्रकाला असं एक रूप कधी नव्हतंच.

माझ्याकडचा ट्रक टाटांचा बारा-दहा, १९७८ चा. वीसेक वर्षं त्यानं सांगलीच्या बाजारातून हळद आणि गूळ वाहिला, मग उसाच्या फडावर गेला, आणि शेवटी एका चिंचेखाली मागच्या चाकांना दगडाची उटी लावलेल्या अवस्थेत थांबला. बारा-दहा हे नाव म्हणजे सांकेतिक आकडा आहे: एकूण वजन बारा टनांच्या आसपास आणि अश्वशक्ती शंभरच्या घरात. नाव ठेवण्याची ही रीत मर्सिडीजची. १९४५ साली स्थापन झालेली टाटांची टेल्को आधी रेल्वेची इंजिनं बनवत होती. १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार झाला आणि त्याच वर्षी जमशेदपूरहून पहिला ट्रक बाहेर पडला. करार पंधरा वर्षांचा होता. १९६९ मध्ये तो संपला, बॉनेटवरचा तीन टोकांचा तारा गेला आणि त्याजागी टाटांचं ‘टी’ आलं. गॅरेजमधल्या बोलण्यात मात्र ‘बेंझ’ पुढं कितीतरी वर्षं चालत राहिली. तिकडे कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरमध्ये डॉज, फार्गो आणि डिसोटो या तीन नावांचे ट्रक निघत. नावं तीन, पण नाकावरची पाटी सोडली तर आत सगळं जवळपास एकच. तिन्ही नावं क्रायस्लरचीच.

आता मूळ रूपाचं बघा. कारखान्यातून जे बाहेर पडायचं त्याला ट्रक म्हणणं कठीण होतं. सांगाडा, इंजिन, चाकं, आणि पुढं फार तर बॉनेट व काचेची चौकट असलेलं काउल. केबिन नाही, दारं नाहीत, हौदा नाही. चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही हे दृश्य आठवत असेल: हायवेवरून एकामागोमाग एक उघड्या चासी चालल्यात, लाकडी खोक्यावर बसलेला चालक, तोंडाला पंचा गुंडाळलेला, डोळ्यांवर गॉगल. ही वरात शेकडो मैल चालून डीलरकडे जायची. तिथून बॉडी बांधणाऱ्याकडे. तिथं सुतार लाकडी चौकट उभी करायचा, पत्रेवाला पत्रा मढवायचा, लोहार फाळक्यांच्या बिजागऱ्या आणि साखळ्या घडवायचा, पेंटर शेवटी येऊन मोर, कमळ, मालकाच्या मुलांची नावं आणि मागं एखादा शेर काढायचा. माझ्या ट्रकाची दारं जमशेदपूरनं कधी पाहिलीच नाहीत. मग ती कोणत्या ‘मूळ’ रूपात न्यायची? कंपनीच्या माहितीपुस्तकात या दाराचं चित्र सापडायचं नाही. त्याचं मूळ एका सुताराच्या डोक्यात होतं, आणि त्यानं पुढच्याच महिन्यात दुसऱ्या ट्रकाला थोडं वेगळं दार केलं असणार.

युरोप-अमेरिकेतला हौशी माणूस जुनी गाडी उघडतो तेव्हा त्याच्यापुढं कारखान्याचा एक निश्चित दिवस असतो. रंगाचा क्रमांक, बोल्टवरचा शिक्का, सगळं त्या दिवसाशी ताडून पाहता येतं. ती शिस्त मला मनापासून आवडते. पण ती जशीच्या तशी इकडे आणून बारा-दहावर लादणं म्हणजे वाड्याच्या दुरुस्तीला फ्लॅटचा नकाशा वापरण्यासारखं आहे.

सरकारलाही हाच चकवा लागला आहे. २०२१ मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीचे केंद्रीय नियम आले. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि व्यावसायिक वापर नसलेल्या चारचाकी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून दहा वर्षांसाठी वेगळी नोंदणी, ‘व्हीए’ अक्षरांची पाटी, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क. चांगली गोष्ट. पण अट अशी की वाहन मूळ स्वरूपात हवं आणि त्यात मोठे फेरबदल, मोठी दुरुस्ती झालेली नसावी. राजेसाहेबांच्या मोटारखान्यात कापडाखाली झाकून ठेवलेली गाडी या अटीत बसेल. आयुष्यभर माल वाहिलेला ट्रक कसा बसणार? त्याचं इंजिन दोन-तीनदा उतरलं नसतं तर तो मुळात पन्नास वर्षं जगलाच नसता. ज्या वस्तूंनी देश बांधायला सिमेंट, खत, धान्य वाहिलं, त्यांचा वारसा म्हणून विचार करताना कायद्याच्या डोळ्यांपुढं मोटारच उभी राहते. ट्रकाला त्या पंगतीत पानच मांडलेलं नाही.

‘मिलिंदप्रश्ना’तला रथाचा संवाद पुष्कळांना माहीत असेल. भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो की आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का, दांडी म्हणजे रथ का. राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो आणि अखेर कबूल करतो की या सगळ्यांच्या जुळणीला दिलेलं ते एक नाव आहे. नागसेनाला आमच्या आरटीओत उभं केलं असतं तर कारकुनानं त्याला क्षणात उत्तर दिलं असतं: चासी नंबर. इंजिन बदला, केबिन बदला, रंग बदला, कागदोपत्री नोंद करा. पण सांगाड्याच्या लोखंडावर ठोकलेले ते आकडे म्हणजे ट्रक. मी ते आकडे शोधले तेव्हा त्यांच्यावर बोटभर ग्रीस आणि चिखल वाळून दगड झाला होता. रॉकेलच्या चिंधीनं पुसताना एकेक आकडा उजळत गेला. एवढंच एक आहे जे १९७८ पासून खरोखर तसंच आहे.

इथं कुणी विचारेल, मग स्वतःच्या हातानं करण्याचा अट्टहास कशाला? गॅरेजला टाका, पैसे मोजा. माझं उत्तर काटकसरीचं नाही. असल्या कामात काटकसर होत नाही, हे पहिल्या तीन महिन्यांत माझ्या वहीनं मला सुनावलं. भंगारवाल्यानं किलोच्या हिशेबानं जो आकडा सांगितला होता, तो मी केव्हाच ओलांडला आहे. हातानं करण्याचं कारण वेगळं आहे. आधी झालेल्या दुरुस्त्या हाताशिवाय वाचता येत नाहीत.

इंजिन खोललं तेव्हाचं सांगतो. टाटांचं ६९२. या आकड्यातही अर्थ आहे: सहा सिलेंडर, प्रत्येकाचा बोअर ९२ मिलिमीटर. स्ट्रोक १२० धरून गुणाकार करा, चार लिटर आठशे घनसेंटिमीटरच्या जवळ येता. पुढच्या ६९७ मध्ये बोअर ९७ झाला. शाळेत मुलांना वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकवताना हे उदाहरण मला का सुचलं नाही, याची आता हळहळ वाटते. इंजिन जाम होतं. नोजल काढून सहाही सिलेंडरांत डिझेल आणि गिअर ऑइलचं मिश्रण ओतलं, आठ दिवस मुरू दिलं, मग फ्लायव्हीलच्या दात्यांत टॉमी अडकवून पुढं-मागं थोडं थोडं हलवत राहिलो. जोर करायचा मोह होतो. वस्तादांनी पहिल्याच दिवशी दम दिला होता की जोर केला तर रिंग मोडेल आणि सिलेंडरच्या भिंतीवर ओरखडा पडेल. नवव्या दिवशी बोटभर फिरलं.

हेड उतरवलं, पिस्टन काढले, मापं घेतली. बोअर ९२ होता, पण तो पहिला ९२ नव्हता. कधीतरी झिजून मोठा झालेला सिलेंडर बोअर करून त्यात स्लीव बसवून पुन्हा ९२ वर आणलेला. म्हणजे इंजिनाचं नाव मधली काही वर्षं खोटं होतं आणि कुणा अनाम मिस्त्रीनं ते परत खरं केलं. क्रँकची बेअरिंग पाहिली तर त्यांच्या पाठीवर ‘०.५०’ कोरलेलं. याचा अर्थ क्रँक आधी पाव मिलिमीटरनं आणि नंतर आणखी पाव मिलिमीटरनं ग्राइंड झालेला असणार. जर्नल झिजलं की ते तासून लहान करायचं आणि तितकी जाड बेअरिंग घालायची. अशा पायऱ्या चार: पाव, अर्धा, पाऊण, एक मिलिमीटर. त्यापुढं क्रँक बाद. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांवरून वय काढतात तसं इथं बेअरिंगच्या पाठीवरून ट्रकाचं आयुष्य मोजता येतं, आणि अजून किती उरलंय तेही. एका टोकाला एका शेलखाली डब्याच्या पत्र्याची बारीक चकती सापडली. घाटात, रात्री, माल भरलेला असताना, कुणीतरी ती कापून सरकवली असेल. शास्त्रानं हे चूक. पण त्या चकतीनं ट्रक घरी आणला होता.

हे सगळं गॅरेजच्या बिलात ‘इंजिन ओव्हरहॉल’ या दोन शब्दांत बुडून गेलं असतं. ती चकती कचऱ्यात गेली असती. मी ती आगपेटीत ठेवली आहे.

पण ‘स्वतः केलं’ या शब्दांत जो तोरा असतो, तो मला फारसा झेपत नाही. क्रँक ग्राइंड करायचं यंत्र माझ्याकडे नाही, कुणा हौशीकडेच नसतं. डिझेलचा पंप तर हात न लावण्याची वस्तू. बॉशच्या पद्धतीचा, एका रांगेत सहा प्लंजर असलेला, बंगळूरच्या मायकोचा पंप. प्रत्येक सिलेंडरला एका वेळी थेंबाएवढं डिझेल, तेही सहाही सिलेंडरांना सारखं. ते मोजायला टेस्ट बेंच लागतो आणि चाळीस वर्षं तेच काम केलेला माणूस लागतो. त्यानं पंप खोलून, कान देऊन, दिव्याखाली धरून दोन दिवसांत परत दिला. मी केलं ते एवढंच की तो बसवला, टायमिंगच्या खुणा जुळवल्या आणि हातपंपानं एअर काढली. बुडबुडे संपेपर्यंत स्क्रू ढिला ठेवायचा, डिझेल सलग आलं की आवळायचा, मग पुढचा. पहिल्यांदा चालू करताना हवेच्या तोंडापाशी एक सपाट फळी हाताशी ठेवली होती. पंपाची रॅक अडकली तर डिझेलचं इंजिन चावी काढूनही थांबत नाही, ते वेडं होऊन धावत सुटतं. अशा वेळी त्याचा श्वास कोंडायचा. फळी लागली नाही. इंजिन काळा धूर ओकत, खोकत, तिसऱ्या सेल्फला लागलं.

आणखी दोन ठिकाणी हौशीनं हात आखडावा. ट्रकाच्या जुन्या डिस्कला टायर धरून ठेवणारी वेगळी लॉक रिंग असते. ती नीट बसली नसेल तर हवा भरताना गोळीसारखी सुटते. टायरवाले चाकाला साखळी गुंडाळून भरतात ते उगाच नाही. दुसरं, जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरनं फुंकरून उडवणं हा आपल्याकडे रोजचा प्रकार आहे आणि तो फुफ्फुसाशी वैर आहे. ओल्या फडक्यानं पुसावी.

या ‘स्वतः’मध्ये आणखी एक अडचण आहे आणि ती मला जास्त टोचते. ज्यांनी हे ट्रक चालवले त्यांच्यासाठी स्वतः दुरुस्त करणं ही हौस नव्हती. कन्नडच्या घाटात स्प्रिंगचा पाटा तुटला तर क्लीनरनं ट्रकाखाली झोपून तो बदलायचा, दुसरा मार्ग नव्हता. ते काम करणारा हात समाजानं काळा, तेलकट, खालचा मानला. आता निवृत्तिवेतन खात्यावर जमा होणारा माणूस तेच काम करतो तेव्हा लोक कौतुकानं फोटो काढतात. लोहार, सुतार बलुत्यात, मिस्त्री गॅरेजच्या पत्र्याखाली, आणि आम्ही खंडेनवमीला पान्यांवर झेंडू वाहून मोकळे. माझ्या नखांत गेलेलं ग्रीस मला हवं तेव्हा धुता येतं, हे मी विसरू नये एवढं मला कळतं. विसरत नाही, असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

आता विरोधी बाजू. जुना डिझेल ट्रक धूर सोडतो. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहाच्या गाड्या आल्या. त्यांच्यापुढं माझा बारा-दहा म्हणजे चालतीबोलती चूल. २०२१ मध्ये जुनी वाहनं मोडीत काढण्याचं धोरण आलं, दिल्लीत तर दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाचा बडगा आधीपासून होता. जुन्या ट्रकांनी महामार्गावर रोज माल वाहत राहावा असं म्हणणारा माणूस मूर्ख तरी असेल किंवा त्याचा स्वार्थ तरी असेल. हजारो ट्रक मोडीत जायला हवेत, जावोत. माझा आग्रह थोड्यांपुरता आहे: जे उरतील ते कसे उरावेत. आणि सुरक्षिततेच्या बाबतीत मी भावनेला थारा दिला नाही. ब्रेकच्या सगळ्या नळ्या, सिलेंडर, लायनिंग नवी. किंगपिन आणि बुश नवे. स्टिअरिंगची ढिलाई काढली. जिथं कुणाचा जीव जाऊ शकतो तिथं इतिहास जपायचा नाही, एवढी एक रेघ मी ओढली.

रेघेच्या अलीकडे मात्र हातचं राखून काम केलं. मागच्या पाट्यांच्या थरात एक पाटा दुसऱ्याच गाडीचा होता, घासून रुंदी जुळवलेला. भक्कम होता, राहू दिला. डॅशबोर्डवर कुणीतरी सायकलच्या दिव्याचं बटन बसवलं होतं, ते अजून चालतं. चासीवर उजव्या बाजूला वेल्डिंगचा एक जाड, ओबडधोबड पट्टा आहे. तज्ज्ञाला दाखवला, तो म्हणाला धोका नाही पण दिसायला वाईट आहे, ग्राइंडर मारून सपाट करा. मी केलं नाही. दारावर मी पाचपैकी एकही थर पूर्ण खरवडला नाही. वितभर जागेत पायरीसारखे पाचही रंग उघडे ठेवले, त्यावर पारदर्शक लॅकरचा हात दिला आणि बाकीचं दार केशरीच ठेवलं, कारण चिंचेखाली त्याच रंगात तो मला भेटला होता.

वस्तादांना हे मुळीच पटलेलं नाही. त्यांच्या मते मी चांगल्या कामाला बट्टा लावला. “इतका खर्च केला मास्तर, आणि दार असं महारोग्यागत?” असं ते त्यांच्या भाषेत म्हणाले आणि मला तो शब्द लागला. पण त्यांचा मुद्दा मला उडवून लावता येत नाही. त्यांनी आयुष्यभर गाडी गिऱ्हाइकाला परत देताना ती नव्यासारखी दिसावी म्हणून कष्ट केले. ठिगळ दिसणं म्हणजे त्यांच्या लेखी काम अर्धवट राहणं. मी ज्या ठिगळांना इतिहास म्हणतो, ती त्यांच्यासारख्यांनीच नाइलाजानं, सामान मिळत नव्हतं म्हणून, मालकानं पैसे दिले नाहीत म्हणून लावली होती. ती झाकायचा हक्क त्यांचा जास्त की दाखवायचा हक्क माझा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दिवाळीत आठवडाभर मुलीकडे पुण्याला गेलो होतो. परत आलो तर मागचे फाळके नवे कोरे. निळ्या जमिनीवर दोन कमळं, मधे पिवळ्या अक्षरांत माझ्या नातीचं नाव आणि खाली बारीक अक्षरांत पेंटरची सही. वस्तादांनी त्यांच्या ओळखीचा, सत्तरी ओलांडलेला पेंटर बोलावून स्वतःच्या पैशानं करून घेतलं होतं. जुना शेर, अर्धा पुसलेला, खाली कुठंतरी आहे. मी काहीच बोललो नाही. नातीनं फाळक्याला टेकून फोटो काढून घेतला.